‘किती देते?’ हा प्रश्न शेवटी विचारा



आज करपा, तुडतुडे, वालाची पेरणी यातलं काही नाही. आज गाडीवर लिहितोय. हे पान शेतीच्या नोंदींचं आहे हे मला माहीत आहे, पण सध्या आपल्या चिंचोटी-कामण पट्ट्यात पिकापेक्षा गाड्यांचीच चर्चा जास्त आहे. प्रकल्पात जमीन गेली, मोबदला आला की पहिली गाडी. भात विकून, पतपेढीचं कर्ज काढून गाडी. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. आठवड्याला दोन तरी फोन येतात, “दादा, गाडी घ्यायचीय, कोणती घेऊ?” आणि पुढचा प्रश्न ठरलेला: “किती देते?”

किती देते म्हणजे ॲव्हरेज. गाडी बायकोमुलांना घेऊन हायवेवर जाणार आहे, पण विचारायचं एकच, लिटरला किती. मी आज सरळ सांगतो, हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला विचारणं चुकीचं आहे. गाडी घेताना आधी बघायचं ती माणसं वाचवते का. मग बघायचं ती भरल्या अंगाने ओढते का. ॲव्हरेज शेवटी. ज्यांना राग येईल त्यांनी पूर्ण वाचून रागवावं.

आधी हा ॲव्हरेजचा आकडा कुठून येतो ते बघा. जाहिरातीत छापलेला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत काढतात. गाडी रस्त्यावर नसते, प्रयोगशाळेत रोलरवर असते. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवतात, कमी करतात. वेग जास्तीत जास्त ताशी ९० पर्यंत जातो, एसी बंद असतो. ना खड्डा, ना नाक्यावरची अर्ध्या तासाची कोंडी, ना मागे बसलेली तीन माणसं. कर्जतच्या संशोधन केंद्राच्या वाफ्यात भाताचा जो उतारा येतो, तो आपल्या खाचरात येतोच असं आपण कधी धरत नाही. तिथलं पाणी वेगळं, खत वेगळं, राखण वेगळी. बियाण्याच्या पिशवीवरच्या उताऱ्याला आपण हसतो. मग वॅगन आरच्या सीएनजीला कंपनी किलोमागे ३४ किलोमीटर सांगते, तो आकडा आपण गावभर शपथेवर का सांगत सुटतो?

आता पैशाचा हिशोब करू. शेतकऱ्याला पैशाचं काही नाही असं कोणी म्हणू नये.

धरा वर्षाला १२,००० किलोमीटर चालते. एक गाडी खऱ्या रस्त्यावर लिटरला २० देते, दुसरी १६. पहिलीला ६०० लिटर लागलं, दुसरीला ७५०. फरक १५० लिटरचा. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर वर्षाला १५,६००, महिन्याला १,३००. आठ वर्षांत सव्वा लाख. ही रक्कम लहान नाही, मान्य. पण हा फरक मी मुद्दाम मोठा धरलाय. एकाच आकाराच्या, एकाच किमतीच्या दोन पेट्रोल गाड्यांत खरा फरक बहुतेक वेळा दोन किलोमीटरच्या आतबाहेर असतो. २० आणि १८ धरा. वर्षाला साधारण ६,९०० रुपये, महिन्याला पावणेसहाशे. एवढ्यासाठी आपण पत्रा, ब्रेक, एअरबॅग यांचं नावही न काढता गाडी ठरवतो. आणि मग त्याच गाडीला वीस हजारांचं म्युझिक सिस्टीम आणि सीट कव्हर घालतो. तेव्हा कोणी हिशोब मागत नाही.

शिवाय ॲव्हरेज बरंचसं आपल्या उजव्या पायात असतं. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो आणि इंजिनाला तो तोडायला इंधन जाळावं लागतं. टायरमध्ये हवा कमी, एअर फिल्टर चोंदलेला, डिकीत कायमचा पसारा, यातही इंधन जातं. हे सगळं नंतर सुधारता येतं. पण गाडीचा सांगाडा कारखान्यात जसा झाला तसाच राहतो. तो नंतर कुठल्या गॅरेजमध्ये बदलून मिळत नाही. जे नंतर सुधारता येत नाही ते आधी बघावं, एवढी साधी गोष्ट आहे.

सांगाडा कसा ओळखायचा? आपल्याकडे पद्धत अशी, की बॉनेटवर अंगठा दाबायचा आणि “पत्रा कडक आहे” म्हणायचं. दाबला जाणारा पत्रा हे गाडीचं कातडं आहे. जीव वाचवतो तो आतला पिंजरा, म्हणजे माणसं बसतात त्याभोवतीचे खांब आणि आडवे तुळ्या. पुढचा भाग तर मुद्दाम चेपावा म्हणूनच बनवलेला असतो. धडकेचा जोर त्याने खायचा आणि पिंजऱ्याने आकार सोडायचा नाही. त्यामुळे अपघातात पुढून चेपलेली गाडी बघून “बघा, डबा आहे” म्हणू नका. दार उघडतंय का, स्टिअरिंग छातीपर्यंत आलंय का, ते बघा.

हे अंगठ्याने कळत नाही, चाचणीने कळतं. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं आपटून बघितली. पाचही गाड्यांना शून्य स्टार. त्यानंतर देशात बोलणं सुरू झालं. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही ५ स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या सरकारची भारत एनकॅप योजना सुरू झाली. त्यात गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटरने आणि बाजूने ताशी ५० च्या वेगाने आदळवून बघतात. मोठ्या माणसांसाठी वेगळे स्टार, लहान मुलांसाठी वेगळे.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, आणि उगवण लेबलवर छापलेली असते. भाताला ८० टक्क्यांखाली चालत नाही. टॅग नसलेली पिशवी कोणी गळ्यात मारायला लागला तर आपण दुकानात भांडतो. मग सात-आठ लाखांच्या गाडीला टॅग आहे का, हे विचारताना लाज कसली?

इथे सरकारलाही दोन शब्द ऐकवायला हवेत. भारत एनकॅप ऐच्छिक आहे. कंपनीला वाटलं तर गाडी पाठवायची, नाही वाटलं तर नाही. बियाण्याची उगवण दुकानदाराच्या मर्जीवर सोडल्यासारखं झालं हे. सहा एअरबॅगची सक्ती ऑक्टोबर २०२२ पासून करू म्हणाले, मग ऑक्टोबर २०२३ वर ढकलली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणारच नाही म्हणून सांगितलं. आता स्पर्धेमुळे छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग यायला लागल्या, ते चांगलंच आहे. पण एअरबॅग मोजून खूश होऊ नका. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने वॅगन आर तपासली, तेव्हा तिच्यात पुढे दोन एअरबॅग होत्या. तरी मोठ्यांसाठी १ स्टार, मुलांसाठी शून्य, आणि सांगाडा अस्थिर असा शेरा. फुगा कितीही चांगला असला तरी खोलीच्या भिंती आत आल्या तर काय उपयोग?

आता कोणी म्हणेल, “सुरक्षित गाडी म्हणजे जड गाडी, जड गाडी म्हणजे पेट्रोल पिणारी. दोन्ही कसं जमेल?” जमतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी डिझायर ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी ५ स्टार घेऊन आली. तिच्या साध्या गिअरच्या पेट्रोल मॉडेलचा कंपनीचा आकडा लिटरला २४.७९ आहे. याच नावाच्या जुन्या गाडीला २ स्टार होते. नाव तेच, कंपनी तीच, गिऱ्हाईकही तेच. फरक एवढाच की मधल्या काळात लोक स्टार विचारायला लागले. म्हणजे कंपनीला जमत होतं, आपण मागत नव्हतो. आपण मागितलं नाही तर कोण कशाला देईल? बाजार समितीत प्रतवारी कोणी विचारत नसेल तर आपण तरी वांगी निवडून भरतो का?

आता ताकदीकडे येऊ. आपल्याकडे ताकदीबद्दल दोन टोकं आहेत. तरुण पोरांना शून्य ते शंभर किती सेकंदांत ते हवं, आणि वडीलधाऱ्यांना “आपल्याला काय रेस लावायचीय?” दोन्ही टोकं चुकीची. ट्रॅक्टर घेताना आपण एचपी विचारतो, पीटीओ विचारतो, हायड्रॉलिक किती उचलतं ते विचारतो. का? कारण रिकामा ट्रॅक्टर कोणीही पळवतं, अवजार लावल्यावर ओढतो का ते बघायचं असतं. गाडीचंही तेच. शोरूमवाला एकट्याला बसवून सपाट रस्त्यावर फिरवून आणतो. तिचा खरा कस चिंचोटी नाक्यावर लागतो. पाच माणसं, एसी चालू, डिकीत सामान, आणि कामणच्या बाजूने येऊन हायवेच्या वाहत्या ट्रेलरांमध्ये शिरायचंय. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर एका बाजूला, गुजरातकडून येणारे ट्रक दुसऱ्या बाजूला. तिथे पॅडल दाबल्यावर गाडी विचार करत बसली तर मागचा ट्रेलर विचार करत नाही. म्हणून पिकअप हवा. तो मिरवायला नको, धोक्याच्या जागेतून लवकर बाहेर पडायला हवा. आणि ज्या गाडीला पिकअप आहे तिला तेवढेच चांगले ब्रेक आणि ईएससी हवं. ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला लागली की चाकाचाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी ही यंत्रणा. आपल्याकडे चार महिने पाऊस. मालजीपाड्याला हायवेवर पाणी भरतं हे सगळ्यांना माहीत आहे. सनरूफपेक्षा ईएससी मागा. पावसात सनरूफ उघडत नाही.

ज्यांच्याकडे मोठी, ५ स्टारवाली गाडी आहे त्यांनीही फार हसू नये. चाचणी ताशी ६४ ला होते. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० वरून ७० वर गेलात तर जवळजवळ दुप्पट, १०० वर गेलात तर चौपट. १२० ने जाणाऱ्याला कुठल्याही स्टारने हमी दिलेली नाही. “आपली गाडी टँक आहे” म्हणून ट्रकांच्या मधून नागमोडी जाणारे मी रोज बघतो.

आणि आता सगळ्यात कडू गोष्ट.

४ सप्टेंबर २०२२, रविवार. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला निघाले होते. याच हायवेवर, आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मर्सिडीज कठड्याला धडकली. पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघं, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्या वेळी आपल्या नाक्यावर काय बोललं गेलं ते मला आठवतंय: “बघा, एवढी महागडी गाडी, तरी माणूस गेला. काळ आला की कशातही येतो.” अहो, त्याच गाडीत, त्याच धडकेत दोन माणसं वाचली. काळ पुढच्या सीटला घाबरला का? पुलापाशी रस्ता अरुंद होतो ही रस्त्याची चूक वेगळी, आणि ती बोललीच पाहिजे. पण “काळ आला होता” या एका वाक्याने आपण रस्ता, वेग, बेल्ट सगळ्यांना सोडून देतो.

त्याच्याही आधी, ३ जून २०१४ ला गोपीनाथराव मुंडे दिल्लीत गेले. तेही मागच्या सीटवर होते. मागचा बेल्ट शोभेचा आहे या गैरसमजामुळे आपण मित्र गमावला, अशा अर्थाचं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन बोलले होते. अख्खा ग्रामीण महाराष्ट्र त्या दिवशी रडला. पण मागचा बेल्ट कितीजणांनी लावायला घेतला?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे: देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले १६,७१५ जण बेल्ट न लावलेले होते, ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे निम्मे चालक नव्हतेच. कोणाची आई होती, कोणाचं पोर होतं.

आणि आपण काय करतो? मागचे बेल्ट सीट कव्हरखाली दाबून टाकतो. बेल्टचा आवाज नको म्हणून बकलमध्ये खोटी क्लिप खोचतो. ही क्लिप विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन दुकानांविरुद्ध आदेश काढले, तरी ती अजून गाड्यांत दिसते. पुढे लोखंडी गार्ड बसवतो, ज्याला डिसेंबर २०१७ मध्येच मंत्रालयाने बेकायदा ठरवलं. गार्डमुळे धडकेचा जोर चेपणाऱ्या भागाऐवजी थेट सांगाड्यावर जातो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. पोराला पुढे मांडीवर घेतो. धडकेत ते पोर आणि एअरबॅग समोरासमोर येतात, आणि मागून आपलं वजन. हे लाड नाहीत.

एक खास आपल्या धंद्यातली गोष्ट. सीएनजी गाडीत टाकी डिकी खाते, म्हणून भाजीचे क्रेट मागच्या सीटवर येतात, सुटे, वर दोरीसुद्धा नाही. वीस किलोचा क्रेट धडकेच्या क्षणी काही शे किलोंच्या जोराने पुढच्या माणसाच्या पाठीवर येतो. मग गाडी ५ स्टार असो की १०. बाजाराला माल न्यायचा असेल तर टेम्पो करा, किंवा डिकी मोकळी राहील अशी गाडी घ्या. आणि टेम्पोच्या हौद्यात मजूर आणि वऱ्हाड भरणं बंद करा. तिथे ना सीट आहे, ना बेल्ट.

“जुनी गाडी घेणाऱ्यांनी काय करायचं?” हा प्रश्न रास्त आहे, सगळ्यांकडे नव्या गाडीचे पैसे नसतात. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे, जुलै २०१९ नंतर चालकाची एअरबॅग, आणि जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन्ही एअरबॅग. म्हणजे २०२२ किंवा त्यानंतरची गाडी मिळाली तर बरी. एअरबॅग उघडून गेलेली नाही ना, हे माहितगार मिस्त्रीकडून बघून घ्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी दिसते म्हणून दहा वर्षांच्या टायरवर कुटुंब घेऊन फिरू नका.

नवी घेणाऱ्यांसाठी, शोरूमला जाताना एवढं करा:

१. पहिला प्रश्न: स्टार किती? मोठ्यांचे आणि मुलांचे दोन्ही विचारा. कोणत्या सालच्या चाचणीत, कोणत्या मॉडेलला, तेही विचारा. चाचणीच झालेली नसेल तर का नाही, हे विचारा.

२. ईएससी आहे का? मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का? लहान मुलाची सीट अडकवायची सोय आहे का?

३. चाचणी फेरीला घरची चार माणसं घेऊन जा. एसी चालू ठेवा, पुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून बघा. म्हातारी आई मागे बसणार असेल तर तिला मागे बसवूनच आणा.

४. माल न्यायचा असेल तर रिकामा क्रेट बरोबर न्या आणि डिकीत ठेवून बघा. शोरूमवाला हसेल. हसू द्या.

५. जीएसटीत जे पैसे वाचले ते वरच्या सुरक्षित मॉडेलमध्ये घाला, अलॉय व्हील आणि स्पीकरमध्ये नको.

६. शेवटी ॲव्हरेज विचारा, पण विक्रेत्याला नको. तीच गाडी दोन वर्षं चालवणाऱ्याला विचारा. टाकी फुल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा फुल करून काढलेला आकडा आहे का, तेही विचारा.

एवढं करून ज्या दोन-तीन गाड्या उरतील, त्यातली जास्त ॲव्हरेज देणारी खुशाल घ्या. माझं काही म्हणणं नाही. पैसे वाचवायला मलाही आवडतं. पण लिटरमागे दोन किलोमीटर वाचवायला आपण मागच्या सीटवर कोणाला बसवतोय, हे गाडीची चावी हातात घेण्याआधी एकदा ठरवा. आणि गाडी कुठलीही असो, चिंचोटी नाक्यावर हायवेला लागण्याआधी मागे वळून बघा, सगळ्यांनी बेल्ट लावलाय का. नसेल तर गाडी हलवू नका.

पुढची नोंद वालावर. तोवर काळजी घ्या.